परागज्वर : फुलोऱ्याच्या दिवसांत येणारें नाकाडोळ्यांचें दुखणें

भाद्रपद उजाडतो. पावसाला उघडीप मिळते, बाजरी निसवते, बांधावरचें गवत कमरेइतकें वाढून तुऱ्यावर येतें, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस गाजरगवताचीं पांढरीं फुलें चांदण्यांसारखीं दिसूं लागतात. अशा दिवसांत खुरपणीच्या रांगेंतील एखादी बाई दर चार पावलांवर थांबून शिंकते. एकामागून एक दहापंधरा शिंका येतात. नाकांतून पाण्यासारखा स्राव वाहतो. डोळे लाल होऊन त्यांस इतकी खाज सुटते कीं, पदरानें चोळचोळून ती ते सुजवून घेते. शेजारीण म्हणते, "अगं, पावसांत भिजलीस, सर्दी झाली." मुकादम म्हणतो, "कामाचा कंटाळा." चार दिवसांनीं बरें वाटेल म्हणून ती वाट पाहते, पण चार दिवस जातात, चार आठवडे जातात, तरी सर्दी जात नाहीं. दिवाळी उलटली म्हणजे ती आपोआप थांबते, आणि सर्व जण ती विसरून जातात. पुढील वर्षीं भाद्रपद आला कीं पुन्हां तेंच.

वाचकहो, ही बाई आपण सर्वांनीं पाहिली आहे. कदाचित् ती आपल्याच घरांतील असेल. तिची मजुरी बुडते, रात्रीं नाक बंद असल्यामुळें तिला झोप लागत नाहीं, आणि वर कामचुकार म्हणून बोल ऐकावे लागतात. परंतु तिला जें होतें तें सर्दी नव्हे, आळस नव्हे, आणि नाजूकपणाही नव्हे. त्या विकारास परागज्वर असें नांव आहे. इंग्रज लोक त्यास 'हे फीवर' म्हणतात. हा विकार समूळ नाहींसा करणें बहुधा आपल्या हातीं नसतें. पण त्यास आवरणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. कारण तो चोरासारखा अवचित येत नाहीं. त्याचा महिना ठरलेला असतो. ज्याच्या येण्याची वेळ ठाऊक आहे, त्याची तयारी आधींच करितां येते. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, इतकेंच या धड्याचें सार आहे.

१. सर्दी कोणती व परागज्वर कोणता?

पहिली गोष्ट ही कीं, नांवांत ज्वर असला तरी या विकारांत ताप येत नाहीं. ताप असेल तर दुखणें दुसरें आहे असें समजावें. साध्या सर्दींत घसा दुखतो, अंग मोडून येतें, नाकांतील स्राव आरंभीं पातळ असून पुढें घट्ट होतो, आणि आठदहा दिवसांत दुखणें ओसरतें. शिवाय ती घरांतील एकापासून दुसऱ्यास लागते. परागज्वर कोणापासून कोणास लागत नाहीं. त्याचें मुख्य लक्षण खाज हें होय. नाक खाजतें, डोळे खाजतात, टाळू खाजते, कधीं कानाच्या आंतही खाजतें. स्राव शेवटपर्यंत पाण्यासारखा पातळ राहतो. शिंका एकेक न येतां ओळीनें येतात. शेतांत किंवा वाऱ्यांत गेलें कीं त्रास वाढतो. दारें लावून घरांत बसलें, किंवा पावसाची चांगली झड लागून हवा धुऊन निघाली, कीं तो कमी होतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे, दरवर्षीं तो त्याच सुमारास येतो व कित्येक आठवडे टिकतो.

लहान मुलांस आपलें दुखणें नीट सांगतां येत नाहीं, म्हणून त्यांच्या हालचालींकडे पाहावें. असें मूल तळहातानें नाकाचा शेंडा खालून वर घाशीत असतें; तें वारंवार केल्यानें नाकावर आडवी रेघ उमटते. डोळ्यांखालीं काळसर छाया दिसते. नाक चोंदल्यामुळें तें तोंड उघडें ठेवून झोपतें, रात्रीं घोरतें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत पेंगतें. गुरुजी त्यास ढ समजतात, आई त्यास हट्टी समजते. वस्तुतः त्याची झोपच पुरी झालेली नसते. शाळेंत शिकविणाऱ्या वाचकांनीं भाद्रपद-आश्विनांत अचानक मागें पडणाऱ्या मुलाकडे एकवार या दृष्टीनें पाहावें.

येथें कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. एकाच नाकपुडींतून स्राव येत असेल, त्यास दुर्गंधि येत असेल किंवा त्यांत रक्त असेल, तर तो परागज्वर समजूं नये. लहान मुलाच्या नाकांत मणी, दाणा किंवा खडूचा तुकडा अडकलेला असूं शकतो. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर विलंब न करितां डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावें. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, तर तो परागाचा म्हणून सोडून देऊं नये. सरकारी दवाखान्यांत थुंकीची तपासणी विनामूल्य होते, ती करून क्षयाची शंका फेडून घ्यावी. आणि वर्षाचे बाराही महिने शिंका येत असतील, तर कारण बहुधा घरांतच सांपडतें : जुन्या गोधड्यांतील सूक्ष्म किडे, झुरळें, किंवा ओल्या भिंतीवरची बुरशी.

२. या विकाराचें कारण कसें सांपडलें?

हें कारण शोधण्याचें काम ज्यांनीं केलें, ते स्वतःच या दुखण्यानें गांजलेले होते. इंग्लंडांत गवत कापून वाळविण्याचा हंगाम जून महिन्याच्या सुमारास येतो. लंडन येथील जॉन बोस्टॉक नांवाचे डॉक्टर आठ वर्षांचे असल्यापासून दर जूनमध्यें याच त्रासानें बेजार होत असत. इ. स. १८१९ मध्यें, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं एका वैद्यकीय सभेपुढें आपल्याच दुखण्याची हकीकत वाचली. तेव्हां सामान्य लोक म्हणत कीं, हा विकार नुकत्याच कापलेल्या गवताच्या वासानें होतो. त्यावरून 'गवताचा ताप' हें जें नांव पडलें तें कायमचें राहिलें. बोस्टॉक यांस तें पटलें नाहीं; त्यांनीं दोष उन्हाच्या उष्णतेस दिला. दोन्ही मतें चुकीचीं होतीं.

पुढें मँचेस्टर येथील डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांनीं या प्रश्नाचा निकाल लाविला. त्यांसही हाच विकार होता. त्यांनीं निरनिराळ्या गवतांचे व फुलांचे पराग जमविले. ते स्वतःच्या नाकांत व डोळ्यांत घालून पाहिले, आणि हातावरील कातडीस किंचित् ओरखडा काढून त्यावर लावून पाहिले. नाक वाहूं लागलें, डोळा सुजला, हातावर गांधी उठली. मग हवेंत पराग किती असतात हें जाणण्यासाठीं त्यांनीं चिकट द्रव्य लावलेल्या कांचा उघड्यावर ठेविल्या, पतंगास बांधून आकाशांत उंच चढविल्या, आणि त्यांवर बसलेले कण सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मोजले. हवेंत कण वाढले कीं दुखणें वाढतें, असा मेळ बसला. हे प्रयोग त्यांनीं १८७३ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. वास नव्हे, ऊन नव्हे, तर साध्या डोळ्यांस न दिसणारे परागकण हेंच कारण, हें त्यांनीं दाखवून दिलें.

ब्लॅक्ली यांस एका गोष्टीचें आश्चर्य वाटलें. परागांत सर्वांत अधिक वावरणारे शेतकरी या विकारानें क्वचितच आजारी पडत. शिकलेसवरलेले लोकच अधिक पडत. म्हणून पुष्कळ दिवस हें दुखणें सुखवस्तु माणसांचें समजलें जात असे. आज तसें म्हणतां येत नाहीं. आपल्या खेड्यांतील शेतमजूर, गुराखी व शाळकरी मुलें यांसही तें होतें. पण त्यांस त्याचें नांव ठाऊक नसल्यामुळें तें मुकाट्यानें सोसलें जातें.

३. शरीरांत काय घडतें?

पराग म्हणजे फुलांतील नरबीजाची भुकटी. भोपळा, सूर्यफूल इत्यादिकांचा पराग माश्या वाहून नेतात; परंतु गवत, बाजरी, ज्वारी व मका हीं आपला पराग वाऱ्याच्या हवालीं करितात. वाऱ्याचा भरंवसा नसल्यामुळें अशीं झाडें पराग अमाप निर्माण करितात. गवताचे तीस-पस्तीस कण ओळीनें ठेविले तर एक मिलिमीटर भरेल, इतके ते बारीक असतात. म्हणून ते आपल्या श्वासाबरोबर सहज आंत जातात.

बहुतेक माणसांस हे कण कांहींच करीत नाहींत. मग थोड्यांनाच बाधा कां व्हावी? आपल्या शरीरांत रोगजंतूंवर नजर ठेवणारी एक रक्षक शक्ति आहे. ती गांवच्या पहारेकऱ्यासारखी होय. एखाद्या पहारेकऱ्यानें दारीं आलेल्या निरुपद्रवी फेरीवाल्यास दरोडेखोर समजून सारा गांव जागा करावा, तसें कांहीं माणसांच्या शरीरांत होतें. परागास शत्रु समजून शरीर त्याविरुद्ध एक विशेष प्रतिद्रव्य तयार करितें. पुढें तोच पराग पुन्हां नाकांत शिरला कीं, नाकाच्या अस्तरांतील कांहीं पेशी हिस्टामिन नांवाचें द्रव्य सोडतात. खाज, शिंका व वाहणारें पाणी हीं मुख्यतः त्या हिस्टामिनाचीं कृत्यें; त्याच्याबरोबर सुटणारीं इतर द्रव्यें नाक सुजवून बंद करितात. व्हिएन्ना येथील डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ मध्यें अशा विपरीत प्रतिक्रियेसाठीं 'ॲलर्जी' हा शब्द योजिला. तो आज खेड्यांतही सर्वांच्या तोंडीं आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक ही कीं, हा विकार अशक्तपणामुळें होत नाहीं, तेव्हां शक्तीच्या बाटल्या घेऊन पैसा दवडण्यांत अर्थ नाहीं. दुसरी ही कीं, तो पुष्कळदां घराण्यांत चालतो. ज्याच्या आईबापांस दमा, इसब किंवा अशाच शिंका आहेत, त्यास तो होण्याचा संभव अधिक. कोणाची नजर लागून किंवा करणी होऊन तो येत नाहीं.

४. आपल्या शिवारांतील गाजरगवत

पावसाळ्याच्या उत्तरार्धांत आपल्याकडे नाना प्रकारचीं गवतें फुलतात. बाजरी व मका यांचा फुलोरा, माठ-राजगिऱ्याच्या जातीचें तण, एरंड, विलायती बाभूळ, यांचेही पराग कोणाकोणास बाधतात. परंतु महाराष्ट्रांत ज्याचें नांव आधीं घेतलें पाहिजे तें गाजरगवत. त्यास कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी म्हणतात. नांवानें गवत असलें तरी तें झेंडू-सूर्यफुलाच्या कुळांतील झुडूप आहे. त्याचें मूळ घर मेक्सिको व त्याच्या आसपासचा अमेरिकेचा उष्ण मुलूख. १९५५ च्या सुमारास पुणें येथें तें प्रथम अभ्यासकांच्या नजरेस आलें. परदेशांतून आणलेल्या धान्याबरोबर त्याचें बीं आलें असावें, असा बहुतेकांचा तर्क आहे. तेथून रस्ते, रेल्वेच्या कडा, पडीक जमिनी व गांवठाणें व्यापीत तें देशभर पसरलें. एका झाडास हजारों बारीक बिया येतात. ओल असेल तेथें तें वर्षांतून अनेकदां उगवतें. इतर रोपांची वाढ तें खुंटवितें. आणि जनावरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत.

हें झाड माणसास दोन निरनिराळ्या रीतींनीं पीडतें. त्याचा पराग श्वासाबरोबर गेल्यानें कोणास परागज्वर व दमा होतो. त्याचा पाला अंगास लागल्यानें, किंवा त्याची वाळलेली भुकटी उडून बसल्यानें, कोणाच्या पापण्या, चेहरा, मान व हात यांवरील कातडी खाजते, जाड व काळी पडते, तींत भेगा पडतात. हे दोन विकार वेगळे होत. शिंकांचें औषध कातडीच्या विकारास पुरत नाहीं. त्यासाठीं कातडीच्या डॉक्टरांकडे स्वतंत्रपणें जावें.

फुलोरा संपल्यावर मळणीच्या वेळीं जी भुकटी उडते, तीनेंही नाक वाहतें. पण बुरसटलेला चारा हाताळल्यानंतर चारसहा तासांनीं थंडी वाजून ताप येत असेल, कोरडा खोकला येऊन दम लागत असेल, तर तो परागज्वर नव्हे; तो बुरशीमुळें होणारा फुप्फुसांचा रोग असूं शकतो. तो वारंवार झाल्यास फुप्फुसें कायमचीं बिघडतात, म्हणून तेथें दवाखानाच गांठावा.

५. पराग शरीराबाहेर ठेवावा

पहिला उपाय फुकटचा आहे, आणि तो म्हणजे टिपण. भिंतीवरील दिनदर्शिकेवर ज्या दिवशीं शिंका सुरू झाल्या त्या दिवशीं खूण करावी, थांबल्या त्या दिवशीं दुसरी करावी, आणि त्या वेळीं शिवारांत काय फुललें होतें तें लिहून ठेवावें. दोन वर्षांच्या अशा टिपणानें आपला शत्रु कोण व तो केव्हां येतो हें कळतें. डॉक्टरांसही ही माहिती फार उपयोगी पडते.

कोरड्या व वाऱ्याच्या दिवशीं, दंव वाळून ऊन तापूं लागलें म्हणजे हवेंत गवताचा पराग पुष्कळ असतो. शक्य असेल त्यानें बांधावरील गवत कापण्याचें काम त्या हंगामांत दुसऱ्यास द्यावें. जो हातावर पोट भरतो त्यास हें सांगणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यानें निदान नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा, डोळ्यांवर साधा चष्मा घालावा, आणि नाकपुड्यांच्या कडेस व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. घरीं आल्यावर कपडे दाराशींच बदलावे, हातपाय, तोंड व डोकें धुवावें. केंसांत बसलेला पराग रात्रीं उशीवर उतरतो व झोप मोडतो. त्या महिन्यांत अंगणांत किंवा गच्चीवर निजूं नये, आणि अंथरूण-पांघरूण बाहेर वाळत घालूं नये. चुलीचा व विडीचा धूर सुजलेल्या नाकास अधिकच डिवचतो, म्हणून तो टाळावा.

दुसरा उपाय नाक धुण्याचा. आपल्याकडील जलनेति ती हीच. पाव लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊं द्यावें, आणि त्यांत अर्धा चहाचा चमचा मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा. पुढें वांकून, मान एका बाजूस कलती करून, तोंडानें श्वास घेत, वरच्या नाकपुडींत हळू पाणी सोडावें. तें खालच्या नाकपुडीनें बाहेर येतें. मग बाजू बदलावी. यानें अडकलेला पराग व चिकटा धुऊन जातो. पाणी उकळलेलेंच पाहिजे, हें विसरूं नये. विहिरीचें, तळ्याचें किंवा नळाचें कच्चें पाणी नाकांत घातल्यानें क्वचित् एक सूक्ष्म जीव मेंदूपर्यंत पोंचतो, आणि तें बहुधा प्राणघातक ठरतें. भांडेंही दर वेळीं स्वच्छ करून वाळवावें.

६. औषधें

एवढ्यानें भागलें नाहीं तर औषध घ्यावें, आणि तें भीत भीत घेऊं नये.

पहिल्या प्रकारचीं औषधें हिस्टामिनाचा मार्ग अडवितात. पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत डॅनियल बोव्हे व त्यांचे सहकारी यांनीं १९३७ मध्यें असें पहिलें द्रव्य शोधिलें. बोव्हे यांस १९५७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. या वर्गांतील क्लोरफेनिरामिनसारखीं जुनीं औषधें फार गुंगी आणितात, आणि सर्दीच्या पुष्कळ मिश्र गोळ्यांत तीं असतात. त्यांहून सिट्रिझिन, लोराटाडीन व फेक्सोफेनाडीन हीं नवीं औषधें बरीं. सिट्रिझिन स्वस्त असून मोठ्या माणसास दिवसांतून एक वेळ दहा मिलिग्रॅमची गोळी पुरते. तिनेंही कोणाकोणास पेंग येते. म्हणून ती रात्रीं घ्यावी, आणि आपल्यावर तिचा परिणाम काय होतो हें कळेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल, मळणीयंत्र किंवा कडबाकुट्टी चालवूं नये. तिच्यावर दारू घेऊं नये. मुलें, गरोदर स्त्रिया व मूत्रपिंडाचे रोगी यांनीं डॉक्टरांस विचारूनच मात्रा ठरवावी.

दुसरें औषध म्हणजे नाकांत मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा : फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड. ज्याचें नाक रोज बंद होतें, त्यास गोळीपेक्षां हा अधिक गुण देतो. स्टेरॉइड या शब्दानें पुष्कळ लोक घाबरतात. परंतु नाकांतील मात्रा अगदीं थोडी असते, आणि ती बहुतेक तेथल्या तेथेंच काम करिते. याचा गुण एका दिवसांत दिसत नाहीं. नियमानें रोज मारल्यास कांहीं दिवसांनीं दिसतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें आपला हंगाम सुरू होण्यापूर्वीं दोन आठवडे तो सुरू करावा. या एका गोष्टीसाठींसुद्धां वर सांगितलेलें टिपण ठेवण्याजोगें आहे. मारण्याची रीतही आहे. मान किंचित् पुढें वांकवावी, उजव्या हातानें डाव्या नाकपुडींत व डाव्या हातानें उजव्या नाकपुडींत मारावा, आणि नळीचें टोंक मधल्या पडद्याकडे नव्हे, तर बाहेरच्या बाजूस, कानाच्या रोखानें धरावें. पडद्यावर मारल्यानें घोळणा फुटतो. मारल्यावर जोरानें ओढूं नये. नाहीं तर औषध घशांत उतरतें.

डोळ्यांच्या खाजेसाठीं ओलोपाटाडीन किंवा कीटोटिफेन यांचे थेंब डॉक्टर देतात. थंड पाण्यांत भिजविलेली घडी डोळ्यांवर ठेविल्यानेंही आराम पडतो.

ज्यांस एवढें करूनही गुण येत नाहीं, त्यांच्यासाठीं आणखी एक मार्ग आहे. १९११ मध्यें लंडन येथील डॉक्टर लेनर्ड नून यांनीं गवताच्या परागाचा अर्क अतिशय थोड्या प्रमाणांत टोंचून, तें प्रमाण हळूहळू वाढवून, शरीरास त्याची संवय करण्याचा प्रयत्न केला. तीच पद्धति सुधारून आजही चालते. कातडीवर चाचणी करून नेमका पराग ओळखावा लागतो, आणि उपचार सुमारें तीन वर्षें चालवावा लागतो. टोंचल्यानंतर क्वचित् एकाएकीं जीवावर बेतणारी प्रतिक्रिया होते, म्हणून तज्ज्ञ डॉक्टर व पुरी साधनें असतील तेथेंच तो घ्यावा.

७. काय करूं नये?

नाक तत्काळ मोकळें करणारे झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन यांचे थेंब तीन-चार दिवसांहून अधिक घालूं नयेत. पुढें थेंबांचा अंमल उतरला कीं नाक पूर्वींपेक्षां अधिक चोंदतें, आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो. एका सुईंत सारा हंगाम बरा करितों असें कोणी म्हणेल, तर ती सुई बहुधा शरीरांत दीर्घकाळ राहणाऱ्या स्टेरॉइडची असते. तिनें साखर व रक्तदाब वाढतात, आणि वारंवार घेतल्यानें हाडें ठिसूळ होतात. नांव नसलेल्या पुड्यांतही तेंच द्रव्य मिसळलेलें असण्याचा संभव असतो. स्टेरॉइडचे डोळ्यांचे थेंब स्वतःच्या मनानें घातल्यास काचबिंदु होऊन दृष्टि जाऊं शकते. जंतुनाशक गोळ्यांचा या विकारांत उपयोग नाहीं, कारण येथें जंतूच नाहींत. आणि तान्ह्या मुलाच्या नाकांत तेल कधींही सोडूं नये. तें फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होतो.

८. छातीकडे लक्ष ठेवावें

नाक व फुप्फुस एकाच वाटेवरचीं दोन घरें आहेत. परागज्वर असलेल्या अनेकांस दमाही असतो किंवा पुढें होतो. रात्रीं किंवा पहांटे खोकला येणें, श्वास सोडतांना शिटीसारखा आवाज होणें, छाती आवळल्यासारखी वाटणें, धांवल्यावर मुलास धाप लागणें, हीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांस दाखवावें. दम्यासाठीं ओढून घ्यावयाचें औषध, ज्यास आपण पंप म्हणतों, त्याची संवय लागते व तो मग सुटत नाहीं, असा समज गांवोगांवीं आहे. तो खोटा आहे, आणि त्या समजापायीं माणसें विनाकारण दगावतात. पंपाची मात्रा गोळीच्या मानानें थोडी असून ती थेट फुप्फुसांत जाते. रोगी एक वाक्य पुरें बोलूं शकत नसेल, बरगड्यांमधील जागा आंत ओढली जात असेल, ओंठ निळे पडत असतील, तर दुसरा विचार न करितां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व ती येईपर्यंत रोग्यास बसतें ठेवावें.

९. गांवानें करावयाचें काम

एका घरानें आपलें अंगण स्वच्छ केलें आणि शेजारचें गांवठाण गाजरगवतानें माजलेलें राहिलें, तर उपयोग थोडा. कारण वाऱ्यास कुंपण नसतें. म्हणून हें काम सर्वांनीं मिळून करावयाचें आहे. शिक्षक व उपदेशक यांनीं त्यांत पुढाकार घेतल्यास तें सहज होण्याजोगें आहे. पहिल्या चांगल्या पावसानंतर, जमीन ओली असतांना व झाडास फूल येण्यापूर्वीं, शाळा, विहीर, दवाखाना व वस्तीच्या वाटा यांच्या भोंवतालचें गाजरगवत मुळासकट उपटावें. हातांत मोजे किंवा जाड पिशव्या घालाव्या, अंगांत पुऱ्या बाह्यांचा सदरा असावा. ज्यास शिंका किंवा कातडीचा त्रास आहे त्यास या कामास लावूं नये, मुलांसही लावूं नये. फूल येण्यापूर्वीं उपटलेलें झाड खड्ड्यांत कुजवून खत करितां येतें. फुलावर आल्यानंतर उपटलें तर बीं खतांतून पुन्हां शेतांत जाण्याचें भय असतें. मोकळ्या झालेल्या पडीक जागीं तरोट्याचें बीं टाकिलें तर तो दाट वाढून गाजरगवतास डोकें वर काढूं देत नाहीं. त्याच्या पानांवर ठिपक्यांचे व पट्ट्यांचे लहान भुंगे दिसले तर त्यांस मारूं नये. ते गाजरगवत खाणारे मेक्सिकोंतील भुंगे असून १९८४ पासून आपल्या देशांत याच कामासाठीं सोडण्यांत आले आहेत.

आतां त्या खुरपणाऱ्या बाईकडे पुन्हां वळूं. तिला कोणीं आषाढांतच सांगितलें असतें कीं, तुझें दुखणें भाद्रपदांत येणार. कोणीं तिला आधींच दवाखान्यांत नेलें असतें. मुकादमानें चार आठवडे तिला बांधाऐवजीं आंतल्या कामास लाविलें असतें. आणि गांवानें वाटेवरचें गाजरगवत फुलण्यापूर्वीं उपटलें असतें. तर तिची मजुरी बुडाली नसती, आणि तिच्या मुलाचा अभ्यासही मागें पडला नसता. यांपैकीं एकही गोष्ट खर्चाची नाहीं. दुखणें येण्यापूर्वीं त्याची आठवण ठेवणारा एक माणूस मात्र पाहिजे. प्रत्येक गांवीं तो माणूस या धड्याचा वाचकच कां नसावा?

चर्चेसाठीं प्रश्न

१. सर्दी व परागज्वर यांतील भेद कोणत्या खुणांवरून ओळखावा?
२. ब्लॅक्ली यांनीं परागाचा दोष कसा सिद्ध केला?
३. नाक धुण्याचें पाणी उकळलेलेंच कां पाहिजे?
४. नाकांतील फवारा हंगामापूर्वीं कां सुरू करावा, व तो कोणत्या रोखानें मारावा?
५. कोणतीं लक्षणें दिसतांच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी?
६. आपल्या गांवीं गाजरगवत कोठें कोठें आहे? तें फुलण्यापूर्वीं कोण, कोणत्या दिवशीं उपटणार?